कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, आता पुढे काय?

कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी सोडताना जो कागद हातात दिला जातो, त्यावर बहुधा चार-पाच ओळीच असतात. वाकू नका, वजन उचलू नका, फार वेळ बसू नका, रोज चाला आणि सहा आठवड्यांनी दाखवायला या. या सूचना चुकीच्या नसतात. परंतु त्या कशासाठी आहेत, किती दिवस पाळायच्या आहेत आणि त्यांपैकी कोणती मोडली तर खरोखर बिघडते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. मग घरी भेटायला येणाऱ्यांपैकी एक जण तीन महिने अंथरुणातून उठूच नये असे बजावतो, तर दुसरा आपल्या भावाचे उदाहरण देऊन दहाव्या दिवशी कामावर जायला हरकत नाही असे सांगतो. दोघेही खोटे बोलत नसतात. त्यांच्या माहितीतल्या माणसांच्या शस्त्रक्रिया वेगवेगळ्या होत्या, एवढेच.

शस्त्रक्रिया काही तासांत संपते. तिच्यात दबलेल्या नसेला मोकळी जागा करून दिली जाते किंवा नको तितके हलणारे मणके एकमेकांशी जखडले जातात. त्यानंतर भरून येण्याचे काम शरीराला करायचे असते, आणि त्वचा, स्नायू, गादी, हाड व नस यांपैकी प्रत्येकाचा भरून येण्याचा वेग निराळा असतो. दुखणे कमी-जास्त होणे हे या वेगांचे भरवशाचे माप नव्हे. दुखत नाही म्हणजे सगळे भरून आले असे मानणारा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नको ते वजन उचलतो. दुखते म्हणजे काहीतरी तुटले असे मानणारा रुग्ण महिनोन्महिने हालचालच करत नाही. दोघांचेही नुकसान होते.

कमरेत नेमके काय असते

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, जिला डॉक्टर डिस्क म्हणतात. गादीचा मधला भाग मऊ, पाणीदार असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते. मणक्यांच्या मागच्या बाजूने हाडाचा एक बोगदा जातो आणि त्यातून नसा जातात. मेंदूकडून येणारा मज्जारज्जू मात्र प्रौढ माणसात साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली बोगद्यात असतो तो सुट्या नसांचा जुडगा. गादी सरकण्याचे बहुतेक प्रकार सर्वांत खालच्या दोन जागी, म्हणजे चौथ्या व पाचव्या मणक्यामध्ये किंवा पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामध्ये घडतात. मणक्याची शस्त्रक्रिया म्हणजे पाय कायमचे जाणार, ही भीती अनेकांच्या मनात खोल रुतलेली असते. नसेला इजा होण्याचा धोका शून्य नाही. पण या खालच्या पातळीवर सर्जन मज्जारज्जूपाशी काम करत नसतो, हे ठाऊक असले तर त्या भीतीचे ओझे बरेच हलके होते.

गादीच्या कड्याला चीर पडून आतला मऊ भाग बाहेर आला आणि शेजारच्या नसेवर दाबला गेला, की कंबर, कुल्ला, मांडी, पोटरी, पाऊल अशी कळ जाते. तिलाच आपण सायटिका म्हणतो. पायातल्या कळेचे मूळ कमरेतल्या गादीत असू शकते, हे १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी शस्त्रक्रियांच्या आधारे ठामपणे मांडले. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. नस मोकळी करणारी शस्त्रक्रिया प्रामुख्याने पायाच्या दुखण्यासाठी असते. कंबरदुखी तिने पूर्ण जाईलच असे नाही, आणि हे आधी समजले नसेल तर चांगली झालेली शस्त्रक्रियाही रुग्णाला फसलेली वाटते.

सर्जनने आत काय केले, हे आधी विचारून घ्या

पुढचे सगळे नियम या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिल्यात गादीचा बाहेर आलेला तुकडा आणि आतले सुटे तुकडे तेवढे काढतात. याला डिसेक्टॉमी म्हणतात. पूर्ण गादी काढून टाकली असा अनेकांचा समज असतो, पण बहुतेक गादी जागेवरच राहते. दुसऱ्यात बोगदा अरुंद झालेला असतो, म्हणून मणक्याच्या मागच्या हाडाचा थोडा भाग आणि हाडांना जोडणारा, जाड झालेला अस्थिबंध काढून नसांना जागा करून देतात. वयस्कर रुग्णांत हा प्रकार जास्त दिसतो. तिसरा प्रकार फ्यूजनचा. त्यात दोन किंवा अधिक मणके स्क्रू आणि सळयांनी जखडतात आणि त्यांच्यामध्ये हाडाचा चुरा भरतात, जेणेकरून काही महिन्यांनी ते मणके मिळून एकच हाड होईल.

फ्यूजनमध्ये स्क्रूंचे काम नेमके काय, याबद्दल मोठा गैरसमज आहे. स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंगचे टेकू लावतात. काँक्रीट वरून दुसऱ्याच दिवशी टणक लागते, त्यावरून माणूस चालूही शकतो. पण ते पुरेसे पक्के होईपर्यंत भार टेकूंवरच असतो. मणक्यातले स्क्रू म्हणजे हे टेकू होत. ते पहिल्या दिवसापासून मणके धरून ठेवतात, म्हणून रुग्ण लगेच चालू शकतो. मात्र खरी मजबुती आत तयार होणाऱ्या हाडाची असते. हाड जुळलेच नाही, तर रोजच्या हालचालींनी धातूवर वर्षानुवर्षे ताण पडून स्क्रू सैल होऊ शकतो किंवा तुटूही शकतो. हाड नीट जुळले, तर स्क्रू आत असले तरी त्यांचे काम संपलेले असते आणि ते सहसा काढावे लागत नाहीत.

म्हणून घरी येण्यापूर्वी सर्जनला विचारावे: कोणत्या पातळीवर काम केले, फ्यूजन केले का, हाडाची प्रत कशी होती, आणि नसेचे आवरण फाटण्यासारखे काही घडले का. ही माहिती फिजिओथेरपिस्टलाही लागते, आणि ती त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम बहुतेक वेळा रुग्णालाच करावे लागते.

प्रत्येक भागाचा वेग वेगळा

त्वचा सर्वांत लवकर जुळते. टाके किंवा क्लिपा साधारण १० ते १४ दिवसांत काढतात. परंतु जुळलेली त्वचाही लगेच पूर्वीइतकी मजबूत होत नाही. ३ आठवड्यांनी जखमेचे बळ मूळच्या बळाच्या सुमारे पाचव्या भागाइतके असते, तर सुमारे ३ महिन्यांनी ते ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. वरून व्रण कोरडा दिसतो तेव्हा आत भरण्याचे काम नुकते सुरू झालेले असते.

गादीची गोष्ट त्याहून संथ आहे. प्रौढ माणसाच्या गादीत जवळजवळ रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे अन्नपाणी शेजारच्या हाडांतून झिरपत येते आणि जिथे रक्त पोहोचत नाही तिथे जखम सावकाश भरते. ज्या चिरेतून तुकडा बाहेर आला होता, ती चीर मूळच्या तंतूंनी शिवली जात नाही. तिथे कमी प्रतीचा व्रणासारखा पडदा धरतो आणि त्याला अनेक आठवडे लागतात. पहिले सहा ते बारा आठवडे वाकणे, पिळणे आणि वजन उचलणे यांबाबत जी काळजी सांगितली जाते, ती यासाठी.

फ्यूजनमध्ये हाड जुळण्याची चिन्हे एक्स-रेवर बहुधा ३ ते ६ महिन्यांत दिसू लागतात आणि ते पुरते पक्के व्हायला एक वर्षही लागू शकते. या काळात धूम्रपान करणे किंवा तंबाखू खाणे म्हणजे हाड जुळण्याच्या कामात स्वतःच खोडा घालणे होय. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशींचे काम मंदावते. धूम्रपान करणाऱ्यांत मणके न जुळण्याचे प्रमाण अधिक असते हे वारंवार दिसून आले आहे. अनियंत्रित मधुमेह, ठिसूळ हाडे आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांकडेही याच काळात लक्ष द्यावे लागते. काही वेदनाशामक गोळ्यांमुळे हाड जुळण्यात अडथळा येऊ शकतो, म्हणून फ्यूजन झालेल्यांनी घरातली जुनी गोळी मनाने घेऊ नये.

सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी असते ती नस. तिच्यावरचा दाब निघाला की कळ अनेकांना शुद्धीवर येतानाच कमी झालेली जाणवते. मात्र पावलातला बधिरपणा किंवा अंगठा वर उचलण्यातला अशक्तपणा तसाच असतो आणि रुग्ण घाबरतो. याचे कारण नसेच्या रचनेत आहे. नुसत्या दाबाने नसेच्या धाग्याचे वरचे वेष्टन खराब झाले असेल, तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होते. आतला धागाच तुटला असेल, तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर प्रौढात जवळपास १ मीटर, म्हणजे १००० मिलिमीटर. हिशेब केला तर जवळजवळ तीन वर्षे होतात. दुसरीकडे, ज्या स्नायूला साधारण वर्ष-दीड वर्ष नस मिळाली नाही, तो पुन्हा नीट कामाला लागणे अवघड होत जाते. सुदैवाने बहुतेक रुग्णांत सगळे धागे तुटलेले नसतात. शाबूत राहिलेल्या धाग्यांना स्नायूच्या आत नवे फाटे फुटतात आणि ते शेजारच्या अनाथ तंतूंना सांभाळून घेतात. म्हणूनच अनेकांची शक्ती या हिशेबापेक्षा लवकर येते. सहसा आधी कळ जाते, मग शक्ती येते आणि बधिरपणा सर्वांत शेवटी जातो. थोडासा कायमही राहू शकतो. पाऊल वर उचलले जात नसेल, तर तोपर्यंत घोट्याला आधार देणारा स्प्लिंट वापरावा, नाहीतर पाऊल अडकून पडण्याचा धोका असतो.

पहिले पंधरा दिवस

घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे वाढल्यासारखे वाटते. रुग्णालयात दिलेल्या भुलीचा आणि इंजेक्शनांचा अंमल उतरलेला असतो, घरची हालचाल वाढलेली असते आणि जखमेभोवतीची सूज भरात असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पायातही मधूनमधून जुन्या कळेसारखी चमक येऊ शकते, कारण हाताळलेली नस सुजलेली असते. अशी चमक येऊन जात असेल आणि दर आठवड्याला एकूण कल सुधारणेकडे असेल, तर घाबरण्याचे कारण नसते.

या दिवसांत शिकायची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे अंथरुणातून उठणे. पाठीवर झोपलेले असताना थेट उठून बसायचे नाही. आधी दोन्ही गुडघे वाकवावेत. मग खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी, एखादा ओंडका वळावा तसे, कुशीवर वळवावेत. पावले पलंगाच्या कडेवरून खाली सोडावीत आणि त्याच क्षणी खालच्या हाताच्या कोपराने व वरच्या हाताच्या तळव्याने अंथरुणावर जोर देत उठावे. पाय खाली जाताना त्यांचेच वजन धड वर यायला मदत करते, त्यामुळे पोटावर आणि कमरेवर झटका बसत नाही. क्षणभर कडेवर बसून राहावे, चक्कर येत नाही याची खात्री करावी आणि मगच उभे राहावे. झोपताना हाच क्रम उलटा करायचा. पहिल्या दिवशी हे अवघड वाटते. तीन-चार दिवसांत अंगवळणी पडते.

शिंक किंवा खोकला येणार असे वाटले, तर पुढे झुकू नये. ताठ राहून एक हात भिंतीवर किंवा टेबलावर टेकवावा आणि पोट हलके आत ओढून घ्यावे. तीव्र वेदनाशामक औषधांनी बद्धकोष्ठता होते आणि शौचाला जोर करताना कमरेवर ताण येतो, म्हणून पाणी, तंतुमय आहार आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक पहिल्या दिवसापासून घ्यावे. नसेच्या दुखण्यासाठी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून एकदम थांबवू नयेत. त्या हळूहळू कमी करायच्या असतात.

आणि चालायचे. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करून चालवतात. घरी सपाट जागेवर पाच-दहा मिनिटे, दिवसातून अनेकदा, असे सुरू करून दर काही दिवसांनी थोडे वाढवावे. एकदाच तासभर चालून उरलेला दिवस पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

इतकी हालचाल केली तर गादी पुन्हा सरकणार नाही का?

हा आक्षेप अगदी रास्त आहे, कारण गादी पुन्हा सरकतेच असे नाही, पण सरकू शकते. वेगवेगळ्या अभ्यासांत डिसेक्टॉमीनंतर शंभरातील साधारण ५ ते १५ जणांत त्याच जागी पुन्हा तुकडा बाहेर आल्याचे आढळते. प्रश्न असा आहे की पडून राहिल्याने ते टळते का. १९९० च्या दशकात अमेरिकेतील सर्जन यूजीन कॅराजी यांनी डिसेक्टॉमी झालेल्या रुग्णांवर जवळजवळ कोणतीही बंधने न घालता त्यांना लवकर नेहमीच्या कामाला लागायला सांगितले. ते रुग्ण लवकर कामावर परतले आणि गादी पुन्हा सरकण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही. म्हणून सगळ्यांनी सगळे सोडून द्यावे असा त्याचा अर्थ मी काढणार नाही; चिरेचा आकार, काम आणि शरीर प्रत्येकाचे वेगळे असते. मात्र सक्तीच्या विश्रांतीने गादी सुरक्षित राहते, या कल्पनेला आधार नाही, एवढे यातून नक्की कळते. पडून राहण्याचे तोटे मात्र पक्के आहेत: स्नायू झपाट्याने झिजतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, फुप्फुसे मंदावतात आणि मन खचते.

कोणती हालचाल किती ताण देते, याचे आकडे उपलब्ध आहेत. स्वीडनचे सर्जन अल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकापासून जिवंत माणसाच्या गादीतला दाब सुईने मोजला आणि त्यांच्या मोजणीत बसताना उभे राहण्यापेक्षा जास्त दाब आढळला. बसूच नका, हा सल्ला बराचसा तिथून आला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत सूक्ष्म यंत्र बसवून दिवसभरातील मोजमापे घेतली. त्यांत आरामात बसताना उभे राहण्यापेक्षा जास्त दाब दिसला नाही, आडवे पडल्यावर तो उभे असतानाच्या सुमारे एक पंचमांश होता, उभ्याने पुढे वाकल्यावर दुपटीहून थोडा अधिक झाला आणि पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना साडेचार पटींवर गेला. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तेव्हा दाब साडेतीन पटींच्या आत राहिला, आणि छातीशी धरून उभे राहिल्यावर दुपटीच्या थोडा पुढे होता. एका माणसावरची ही मोजणी आहे, तरी तिची दिशा स्पष्ट आहे. चालणे आणि टेकून बसणे हे धोक्याचे नाही. वाकून, लांबून, वजन उचलणे हे धोक्याचे आहे, आणि त्यात पिळणे मिसळले तर अधिकच.

याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसली. रात्रीच्या झोपेत गादी पाणी शोषून फुगते. सात तासांत तिच्यातला दाब दुपटीहून अधिक वाढला. म्हणून सकाळी उठल्यावरचा पहिला अर्धा-पाऊण तास मोजे घालणे, बादली उचलणे, खाली वाकून काही शोधणे ही कामे टाळणे शहाणपणाचे आहे.

व्यायाम कधी आणि कशासाठी

मणक्यांच्या अगदी लगत, एका मणक्याला दुसऱ्याशी जोडणारे लहान लहान स्नायू असतात. त्यांतील मल्टिफिडस हा महत्त्वाचा. प्रत्येक हालचालीच्या आधी तो मणका जागेवर धरतो. कंबर दुखू लागली की हा स्नायू आकसतो. फिजिओथेरपीच्या संशोधक ज्युली हाइड्स यांच्या १९९६ च्या अभ्यासात आढळले की पहिल्यांदाच कंबर दुखलेल्या माणसांचे दुखणे थांबल्यावरही हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. शस्त्रक्रियेत तो बाजूला सारला किंवा काही प्रमाणात सोडवला जातो, म्हणजे त्यावर आणखी आघात होतो. त्याला पुन्हा कामाला लावणे हे व्यायामाचे मुख्य प्रयोजन आहे. कमरेला लवचिक बनवणे हे पहिल्या टप्प्यातले काम नव्हे, आणि या टप्प्यात पाठ जोराने वाकवून ताणणारे व्यायाम करू नयेत.

पहिल्या आठवड्यांत श्वासाबरोबर पोट हलके आत घेणे, घोटे हलवणे, कुल्ल्याचे स्नायू आवळणे एवढेच पुरते. साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खरा व्यायाम सुरू होतो: पाठीवर झोपून कुल्ला उचलणे, रांगण्याच्या स्थितीत एक हात समोर आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, पायऱ्या चढणे. फ्यूजनमध्ये वेळापत्रक सर्जनच्या एक्स-रेवरील मतानुसार पुढे ढकलले जाते. गादीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनावरील २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, असे दिसले की चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने, काहीच न करण्यापेक्षा, वेदना आणि अडचण लवकर कमी होतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे आढळत नाही. पुरावा फार भक्कम नाही असेही तो आढावा सांगतो, आणि तरीही त्याचा कल व्यायामाच्या बाजूने आहे.

दुखत असताना व्यायाम कसा करायचा?

येथे एक साधा नियम उपयोगी पडतो. व्यायामाने कमरेत थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आले, तर मात्रा योग्य आहे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर व्यायाम थांबवू नये, निम्मा करावा. मात्र दुखणे कमरेतून खाली सरकत मांडीत, पोटरीत, पावलात उतरू लागले, तर तो व्यायाम बंद करून विचारावे. याउलट पायातले दुखणे कमी होऊन कमरेपुरते उरले, तर कमरेत थोडे जास्त दुखत असले तरी ते सहसा चांगले लक्षण असते.

दुखणे आणि इजा ही एकच गोष्ट नाही, हे पटायला वेळ लागतो. अनेक महिने कळा सोसलेल्या माणसाची मज्जासंस्था अतिजागरूक झालेली असते. दाब निघून गेल्यावरही ती लहानशा ताणाला मोठ्या इशाऱ्याने उत्तर देते. त्यात हालचालीची भीती मिसळली की माणूस पाठ फळीसारखी ताठ धरून चालतो, स्नायू दिवसभर आवळलेले राहतात आणि त्या आवळण्यानेच संध्याकाळी कंबर भरून येते. शस्त्रक्रियेपूर्वीची भीती आणि उदासी यांचा नंतरच्या सुधारणेवर परिणाम होतो हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रुग्णाच्या मनाचा हा भाग विचारायला ओपीडीत कुणाला वेळ नसतो, ही मला या उपचारातली सर्वांत मोठी उणीव वाटते. घरच्यांनाही येथे काम आहे. प्रेमापोटी पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देणाऱ्या कुटुंबात रुग्ण सावकाश बरा होतो. त्याला स्वतः उठून पाणी घेऊ द्यावे, फक्त ते कमरेइतक्या उंचीवर ठेवावे.

पट्टा, प्रवास, काम आणि विचारायला संकोच वाटणाऱ्या गोष्टी

पट्टा हा सर्जनच्या पसंतीचा विषय आहे. साध्या डिसेक्टॉमीनंतर त्याची गरज बहुधा नसते. फ्यूजननंतर काही जण काही आठवडे सुचवतात. सांगितलेल्या मुदतीनंतर भीतीपोटी तो लावत राहिल्यास स्नायूंना फुकटची विश्रांती मिळते.

बसणे वीस-तीस मिनिटांपासून सुरू करून उठत-चालत वाढवावे. झोप आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्याशिवाय आणि अचानक ब्रेक दाबण्याइतकी पायात ताकद व खात्री आल्याशिवाय गाडी चालवू नये. टेबलावरचे काम डिसेक्टॉमीनंतर साधारण २ ते ४ आठवड्यांत जमते, फ्यूजननंतर ४ ते ८ आठवडे लागू शकतात; अंगमेहनतीच्या कामाला पहिल्यात ६ ते १२ आठवडे आणि दुसऱ्यात ३ ते ६ महिने धरावेत. शरीरसंबंधांबद्दल रुग्ण विचारत नाहीत आणि डॉक्टर सांगत नाहीत. जखम भरल्यावर आणि दुखणे आटोक्यात आल्यावर, साधारण काही आठवड्यांनी, ते सुरू करायला सहसा हरकत नसते. ज्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्याने पाठीला आधार असलेल्या स्थितीत राहावे आणि हालचालीचा भार जोडीदाराने घ्यावा.

यात वाट पाहायची नाही

लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघा व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायाची शक्ती झपाट्याने कमी होणे: यांपैकी काहीही झाले तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा द्रव येणे, उठून बसल्यावर डोके ठणकणे आणि आडवे पडताच थांबणे, एका पोटरीला सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे हीदेखील त्याच दिवशी दाखवण्याची लक्षणे आहेत. आणखी एक लक्षण सहज निसटते. दोन-चार आठवडे बरे गेल्यावर कंबर रात्रंदिवस, कुशी बदलणेही असह्य व्हावे इतकी दुखू लागली, तर गादीत जंतुसंसर्ग झाला आहे का हे रक्ताच्या तपासणीने पाहावे लागते. अशा वेळी ताप असेलच असे नाही.

तीन-चार महिने झाले, तरी दुखतेच आहे

काही जणांच्या बाबतीत असे होते आणि त्याची कारणे एकाच प्रकारची नसतात. पुन्हा तुकडा बाहेर आला असेल, नसेभोवती व्रणाचे चिकट जाळे तयार झाले असेल, बोगदा दुसऱ्या जागी अरुंद असेल, फ्यूजन जुळले नसेल, जखडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या सांध्यावर भार वाढला असेल किंवा नसच फार काळ दबून राहिल्याने कायमची दुखावली असेल. बरे वाटून पुन्हा पायात कळ सुरू झाली की कधीच बरे वाटले नाही, हा फरक डॉक्टरांना तारखांसह सांगावा. पहिल्या प्रकारात पुन्हा सरकलेल्या गादीचा संशय येतो, दुसऱ्यात मूळ निदान किंवा नसेची अवस्था पुन्हा तपासावी लागते.

अशा वेळी पुन्हा एमआरआय करण्याची घाई होते. पहिल्या काही आठवड्यांतील एमआरआय बऱ्याचदा दिशाभूल करतो, कारण सूज आणि भरून येणारे ऊतक गादीच्या फुगवट्यासारखे दिसते, आणि असे फुगवटे काहीही त्रास नसलेल्या रुग्णांतही आढळतात. व्रण आणि गादीचा तुकडा यांतला फरक ओळखण्यासाठी शिरेतून रंगद्रव्य देऊन एमआरआय करतात: व्रणाला रक्तपुरवठा असल्याने तो उजळतो, गादीचा तुकडा सहसा उजळत नाही. तुकडा सापडला आणि पायातील लक्षणे त्याच नसेशी जुळली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार योग्य ठरतो. नुसता व्रण दिसला, तर तो काढण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया क्वचितच उपयोगी पडते, कारण तिथे पुन्हा व्रणच धरतो. अशा रुग्णाला वेदना-उपचारतज्ज्ञ, नसेची औषधे आणि सावकाश वाढवत नेलेला व्यायाम यांची जोड अधिक लाभते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर ती नेमकी कोणत्या लक्षणासाठी आहे आणि ते लक्षण कोणत्या प्रतिमेशी जुळते, हे सर्जनकडून चित्रावर बोट ठेवून समजावून घ्यावे आणि मनात शंका उरली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.